लिलाबाईंच्या पायमशीनची अदलाबदल

मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे, पायमशीन, मित्रांनो. म्हणजे होते. आता वाशिमच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत माझं नुसतं काळं धड उरलं आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते किन्हीराजा गावात, लिलाबाईंच्या घरी. त्यांनी मला निवडून आणलं होतं. तेव्हा त्या तरुण होत्या. दुकानातल्या एकेका मशीनवर बसून, पाय मारून, चिंधीवर टाके पाडून त्यांनी बघितलं. माझ्याशेजारी सोनेरी फुलं रंगवलेली एक मशीन ऐटीत उभी होती. तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मला कितीही हळू चालवलं तरी मी अडखळत नव्हते आणि दोरा तोडत नव्हते, म्हणून त्यांनी मला घेतलं. या गोष्टीचा मला पुढे कायम तोरा होता.

भरतकाम काही माझ्या अंगात नव्हतं, ते लिलाबाईंच्या हातात होतं. कापड दाबणारा पाय त्या काढून ठेवत, कापड पुढे सरकवणारे दाते झाकत आणि रिंगमध्ये ताणलेलं कापड दोन्ही हातांनी सुईखाली फिरवत. मी आपली सुई वरखाली करायची. एप्रिलमध्ये जयंती जवळ आली की गावातल्या बाया पांढऱ्या साड्या घेऊन येत. लिलाबाई पदरावर निळं अशोकचक्र भरून देत. मिरवणुकीत कुणी पदर हातात घेऊन म्हणे, "लिलाबाईचं चक्र हाय हे, पाह्यल्याबरोबर समजते." त्यात थोडं माझंही आहे, असं मला वाटे.

पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले. नजरही कमी झाली. तरी बोटांना सगळं ठाऊक होतं, त्यामुळे आमचं काम चालू होतं. पण त्यांचा मुलगा सतीश नोकरीवरून घरी आला की आईला पाय चोळताना बघून कळवळायचा. एक दिवस त्याने मला गाडीत घातलं आणि आईला घेऊन वाशिमला आला. जुनी मशीन द्या, नवी घ्या, अशी दुकानात योजना होती.

दुकानदार मदनसिंग नव्या मशीनचे गुण सांगू लागला. सुईत दोरा ती स्वतः ओवते, दोरा स्वतः कापते, नावं काढते, पडद्यावर शेकडो नक्ष्या दाखवते. सतीशचा चेहरा फुलून गेला होता. तो एकेक बटण दाबून बघत होता. लिलाबाईंनी एकच गोष्ट विचारली.

"याच्यात कापड हातानं फिरवता येते का?"

"मावशी, कापडाले हात लावाचं कामच नाही," मदनसिंग म्हणाला. "रिंग आपल्या मनानं फिरते. तुमी नुसतं पाह्यत बसा."

"मंग मी काय करू?"

"आराम कर न, माय!" सतीश म्हणाला आणि सगळे हसले. लिलाबाईही हसल्या. मला मागच्या खोलीत नेलं, तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या. मला ओरडता आलं असतं तर मी दुकान डोक्यावर घेतलं असतं.

जयंती झाल्यावर त्या आल्या, नातीला घेऊन. साक्षी मदनसिंगला म्हणाली, "काका, नवी मशीन चांगली हाय. मीच चालवतो. चक्र गोल निघते, बाया बी खूश हायेत. पण आजी बाजूले मांडीवर हात ठेवून बसून राह्यते. धड जेवत नाही, बोलत नाही. आमची जुनी मशीन वापस भेटते का?"

मदनसिंग वरमला. माझं चाक त्याने एका मशीनला लावलं होतं, आतले भाग दुसरीला. लोखंडी सांगाडा भंगारात गेला होता. त्याने मला उचलून लिलाबाईंपुढे ठेवलं. त्यांनी मला हाताने चाचपलं. जिथे हात जाई तिथला काही ना काही भाग गायब होता. मित्रांनो, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"काहून इतकी घाई केली, बापू?" एवढंच त्या मदनसिंगला म्हणाल्या. मग पदराने माझ्यावरची धूळ पुसली, मला कुणीतरी वापरणार असल्यासारखी. निघताना साक्षीला म्हणाल्या, "सतीशले सांगू नको व. त्यानं लय मनापासून घेतली."

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी आईसाठी, आजीसाठी मशीन निवडायला जाल. दुकानदाराला सगळे गुण जरूर विचारा. पण मशीनपुढे आधी तिला बसवा, कापड तिच्या हातात द्या, आणि तुमचा आनंद थोडा वेळ खिशात ठेवा. तो दिसला की आई नको म्हणत नाही.