दोरानं पाडलेल्या खाचा

मित्रांनो, मी एक जुना काळा दगड आहे. चाकणहून खेडला जाताना रस्त्याच्या कडेला एक छोटं चर्च लागतं, त्याच्या दाराच्या चौकटीत मी ठाण मांडून उभा आहे. माझ्या कडेला बोट मावेल अशा खाचा आहेत. घंटेच्या दोरानं त्या पडल्या, म्हणजे हे दार तीनशे वर्षांचं, असं सगळे छातीठोकपणे सांगत. कुणी हात फिरवी, कुणी फुलं ठेवी. खरं वय मला ठाऊक होतं, पण दगडाला विचारतो कोण?

पुढे पिंपरीकडे कारखाने उभे राहू लागले, मालमोटारी वाढल्या आणि आमचा रस्ता रुंद करायचं ठरलं. खुणेचे खुंट थेट दारात ठोकले. चर्च फार जुनं निघालं तरच वाचणार होतं. तपासायला पुण्याहून रस्तेखात्याचे उद्धवराव साहेब आले.

त्यांनी खाचांत बोट घातलं. "यशवंतराव, घंटेचा दोर वरून खाली येतो. मग खाचा आडव्या कशा?"

यशवंतराव म्हणजे चर्चचे पंच, रोज घंटा वाजवणारे. त्यांचं लग्न, लेकरांचे बाप्तिस्मे, सगळं इथलंच. 'घासला असंल वाकडा' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. त्यांनी टोपी काढली.

"साहेब, ह्या दारात उभं राहून खोटं न्हाई बोलवत. ह्यो धोंडा पलीकडल्या गोजाबाईंच्या जुन्या हिरीचा. खाचा मोटेच्या दोराच्या हायेत; तवा धोंडा आडवा व्हता, हितं उभा लावला. चर्च माझ्या आज्यानं बांधलं, सत्तर-ऐंशी वर्सं झाली असत्याल."

"मग खुंट आहेत तिथेच राहणार," साहेब हळूच म्हणाले. यशवंतरावांचे डोळे भरून आले. माझाही जीव तिळतिळ तुटला.

शेजारच्या वावरात खुरपणाऱ्या गोजाबाई बांधावरून सगळं ऐकत होत्या. पदराला हात पुसत त्या पुढे आल्या.

"आमच्या आजेसासऱ्यानं दिलेला धोंडा हाय त्यो. दिलेली वस्तू रस्त्यावर येऊ द्यायची न्हाई. खुंट उपटा आन् ठोका माझ्या कांद्यात!"

"आजी, वावर जाईल तुमचं."

"पट्टीच जाईल न्हवं? यशवंतभावजी खरं बोलले, आन् म्या गप बसू व्हय?"

आता तिथे रस्त्याला वळण आहे. ड्रायव्हर कुरकुरतात, मी मात्र ऐटीत उभा असतो. फुलं कमी येतात, वय उतरलं ना माझं! मित्रांनो, जुन्याला जरूर जपा, पण जपण्यासाठी त्याचं वय फुगवू नका. आणि या वळणावर गाडी जरा हळू घ्या. तिथे गोजाबाईंचा कांदा होता.