सातव्या ओळीतलं ‘नेहमी’

मी ल्यों शहरातल्या एका गणित प्रयोगशाळेचा फळा. पाटीच्या दगडाचा, अँजेच्या खाणीतला. शाळा पाहिली नाही. अंगावर लिहिलं तेवढंच शिकलो. चाळीस वर्षांत तडा नाही.

माझ्यावर माणसं चौकोनी सारण्या लिहितात. सारणीच्या घराघरात क्षची बहुपदी. ओळीतून ओळ वजा करत सारणीचं एकच नेमकं रूप काढायचं, कर्णाखाली सगळी शून्यं. हाताने करायला गेलं की पदं फुगतात, फळा पुरत नाही. खडू टाकून जेवायला गेलेले कितीतरी पाहिले.

इथे प्रबंध करणाऱ्या सोलेनने तीन वर्षं घालवून त्यासाठी झटपट रीत काढली. तिची सिद्धता अकरा महिने माझ्या अंगावर होती. सफाईवाली बाईही तिला फडकं लावत नसे. मला त्याचा ताठा होता.

संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखे आकडे उचलून तिच्या रीतीने दहा हजार सारण्या सोडवल्या. सगळ्या बरोबर. प्रबंधाची तोंडी परीक्षा बारा दिवसांवर आली.

त्या सकाळी तिचे मार्गदर्शक गाएताँ कॉफी घेऊन आले.

“एखादं सोपं उदाहरण दाखव गं. परीक्षा बघायला तुझी आई पहिल्या रांगेत असणार.”

“आई चीज विकते, गाएताँ. तिला नंतरची मेजवानी तेवढी कळेल.”

“कर्णावर क्ष आणि क्ष घे. बाकी शून्य.”

“ते तर आधीच नेमक्या रूपात आहे! त्यात करायचं काय?”

“विचार की यंत्राला. घाबरतेस?”

तिने हसत सारणी घातली. उत्तर आलं: कर्णावर एक आणि क्षचा वर्ग.

हसू तोंडावरच थिजलं. तिने पुन्हा घातलं. पुन्हा तेच.

गाएताँनी कप खाली ठेवला. “त्या दहा हजार उत्तरांत शेवटचं घर सोडून कर्णावर काय होतं?”

“एक. प्रत्येक वेळी. मी तोच नियम धरला.”

“चिठ्ठ्यांची सारणी बहुतेक तशीच निघते. लोकांच्या कामातली निघत नाही.”

सिद्धतेची सातवी ओळ. तिथे ‘शेवटचं घर सोडून कर्णावर नेहमी एक’ असं लिहिलं होतं. अकरा महिने मी ते छातीवर मिरवलं. दगड असून हादरलो.

“परीक्षक हे विचारणार नाहीत,” गाएताँ खाली बघत म्हणाले.

“तू विचारलंस ना?” ती म्हणाली. तिथेच बसून तिने परीक्षकांना कळवलं, रीत चुकली आहे, तारीख रद्द करा. मग मला स्वतःच्या हाताने पुसलं.

आज मी कोरा आहे. ती रोज समोर येऊन बसते. माझ्यावर लिहिणाऱ्यांनो, एवढंच सांगतो. मी दगड आहे, लिहिलेलं सगळं पेलतो. खरं-खोटं मला कळत नाही. ते तुम्हीच बघा.