बाटली गार कशी?

सकाळपासून सासूबाईंना माझा चौथा फोन होता.

"पोरगी झोपलीय. आता मलाही पडू दे जरा," त्या म्हणाल्या. "तू तुझ्या पाण्याकडे बघ."

पाणी म्हणजे आमच्या कापड कारखान्याच्या रंगखात्याचं सांडपाणी, काळंकुट्ट. नव्या यंत्रात ते प्रचंड दाबाखाली तापवून आत हवा सोडली की घाण पाण्यातच जळते. ना ज्वाळा, ना धूर. वेट ऑक्सिडेशन असं त्याचं भारदस्त नाव. यंत्र चालवणारे काका त्याला कुकर म्हणतात.

उरलेली घाण लिटरमागे दोन हजार मिलिग्रॅमच्या आत आली, तर पुढच्या टाकीतले जिवाणू ती पचवतात. पहिल्या चाचणीत आकडा आला छत्तीसशे, दुसरीत चौतीसशे. आज शेवटची. नापास झालो तर रंगखात्याला टाळं, आणि माझा नवरा रंगखात्यातच आहे.

आकडा काढणारी मी. बाळंतपणाच्या रजेवरून येऊन जेमतेम दोन महिने झालेले, त्यामुळे पहिला संशय स्वतःवरच. सगळी रसायनं मी तीन-तीनदा तपासून ठेवली होती.

काकांनी नमुन्याची बाटली आणून दिली. मागे तपासणी अधिकारी बाई, हातात सील करायची पट्टी घेऊनच. मी बाटली घेतली आणि नकळत मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवली. घरी दुधाची बाटली रोज अशीच बघते.

"काका, ही आत्ता भरलीत?"

"आत्ताच. का?"

"मग गार कशी? यंत्राच्या कूलरमधून निवून आलं तरी पाणी कोमट असतं. चाळीस अंश, तुमच्याच वहीत आहे."

आम्ही तिघं नमुन्याच्या नळापाशी गेलो. यंत्रापासून तिथवर लांबलचक बारीक नळी, आणि खाली आरशासारखी लादी.

"बाटली लावण्याआधी किती पाणी सोडलंत?"

"सोडतो कुठला? साहेबांनी बजावलंय, चाचणीच्या दिवशी लादीवर डाग दिसला तर खबरदार. मी पहिल्या धारेलाच बाटली लावतो."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

म्हणजे यंत्र तापत असताना नळीत शिरलेलं अर्धकच्चं पाणी तिथेच गार होत बसायचं, आणि मी इमानदारीने तेच तपासत होते. मी अधिकारी बाईंकडे पाहिलं.

"बादली आणा," त्या म्हणाल्या. "नवा नमुना माझ्यासमोर भरा."

पहिली बादली काळपट. दुसरी कोऱ्या चहासारखी. तिसरी फिकट पिवळी. आता बाटली लावली. मनगटाला कोमट लागली, अगदी हवी तशी.

पुढचे दोन तास नमुना रसायनात उकळत होता आणि मी खुर्चीच्या कडेवर. आकडा आला अकराशे ऐंशी.

"पुन्हा करा," बाई म्हणाल्या.

पुन्हा दोन तास. अकराशे साठ.

त्यांनी सही केली आणि पट्टी गुंडाळून पिशवीत टाकली. काका लादीकडे बघत म्हणाले, "हिच्या पायी दोनदा नापास झालो होय," आणि उरलेली अर्धी बादली त्यांनी शांतपणे तिच्यावर ओतली.

मी पाचवा फोन लावला.

"झोपलीय गं बाई, पुन्हा झोपलीय."

"ते नाही विचारत, आई. पास झालो. रंगखातं चालू राहणार."

"थांब, उठवते तिला," सासूबाई म्हणाल्या.