पाणी निवळेपर्यंत

अण्णांना झटका आला तेव्हा त्यांना रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. पाणी शुद्धीकरण केंद्रात त्यांनी एकतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक फिल्टरच्या हौदांवर. कोणत्या दिवशी किती तुरटी लागेल हे प्रयोगशाळेचा कागद यायच्या आधीच ते पाण्याकडे बघून सांगत, म्हणून तिथं सगळे त्यांना तुरटीअण्णा म्हणायचे. घरी नुसतं अण्णा. झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तोंडात एकच शब्द उरला: बास.

भूक लागली की बास, लघवीला लागली की बास, शेजारचं कुणी भेटायला आलं तरी बास. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द राहतो आणि माणूस तोच सगळीकडे वापरतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. मुलीनं ते मनावर घेतलं. ‘बास’ ऐकू आलं की ती आधी भांडं द्यायची, मग पाणी, मग पंखा कमीजास्त करायची. बहुतेक वेळा तिन्हीतलं काहीतरी लागू पडायचं. नाही पडलं तर अण्णा थकून डोळे मिटून घ्यायचे, आणि ती पुन्हा मशीनवर बसायची. ती घरीच लोकांचे कपडे आल्टर करून द्यायची. तिला भाऊ नव्हता, आई जाऊन सहा वर्षं झाली होती. अण्णांची खाट तिनं पुढच्या खोलीत, शिलाई मशीनच्या समोर लावून घेतली होती.

जावई लिफ्टचा मेकॅनिक. बंद पडलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. फिजिओथेरपिस्ट पहिला महिनाभर आला आणि हात हलता ठेवा एवढं सांगून गेला, तर यानं त्याच आठवड्यात खाटेवरच्या छताला हुक मारून कप्पी टांगली. दोरी कामावरची, मनगटात अडकवायचा पट्टा गाडीच्या जुन्या सीटबेल्टचा. सकाळी कामावर जाण्याआधी वीस वेळा आणि संध्याकाळी आल्यावर वीस वेळा तो अण्णांचा उजवा हात डोक्याच्या वर ओढायचा. एक दिवस चुकवला नाही. दर ओढीला अण्णा बास म्हणायचे.

“अण्णा, तुमचं गणित कच्चं आहे. एकाच आकड्यावर अडकलाय,” असं म्हणून तो हसायचा, आणि ओढायचा. सख्खा मुलगा करणार नाही इतकं करतो, असं सगळी बिल्डिंग म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. अंघोळ घालणं, कूस बदलणं, दाढी करणं, सगळं तोच करत होता.

माशांची टाकी आणायची कल्पनाही त्याचीच. दिवसभर छताकडे बघून माणूस वेडा होईल, म्हणाला. एका रविवारी तो साठ लिटरची काचेची टाकी, फिल्टर, खड्यांची पिशवी आणि सहा मॉली मासे घेऊन आला, चार काळे आणि दोन नारिंगी. दुकानदार म्हणाला होता की पाणी भरा, हे औषध झाकणभर टाका, तासाभरानं मासे सोडा. जावयानं टाकी अण्णांच्या पायथ्याशी स्टुलावर बसवली आणि दिवा लावला. अण्णांनी मान वळवली. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून कशाकडे इतकं टक लावून पाहिलं नव्हतं. मुलीला त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

बुधवारी पाणी दुधाळ झालं. पातळ ताकासारखं, आतले मासे सावल्यांसारखे दिसायला लागले. जावयानं अर्धं पाणी काढून नवीन भरलं. गुरुवारी सकाळी पुन्हा तेच. शुक्रवारी त्यानं मासे बादलीत काढले, सगळं पाणी ओतून दिलं, खडे नळाखाली घासून धुतले, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून पांढरा केला. काच फडक्यानं पुसली. त्याचं काम नेहमीच चोख असायचं.

हे चाललेलं असताना अण्णा डावा हात वर करून बास, बास म्हणत होते. मुलीनं भांडं दिलं. ते नको होतं. पाण्याचा कप तोंडाला लावला, त्यांनी तोंड फिरवलं आणि पाणी उशीवर सांडलं. मग ते खाटेच्या कडेवर हात आपटायला लागले. तिला वाटलं, पसाऱ्यानं त्रासले असतील. तिनं त्यांचा हात धरून चादरीखाली खोचला.

दोन दिवसांनी पाणी परत दुधाळ. जावई दुकानात जाऊन पाणी स्वच्छ करायची बाटली घेऊन आला. ती संपली, दुसरी आणली. खाणं कमी पडत असेल म्हणून चिमटीऐवजी दोन चिमट्या टाकायला लागला. मासे वर येऊन पाण्याच्या कडेशी तोंड उघडझाप करत राहायचे. पहिला नारिंगी मासा मेला तो पहाटे केव्हातरी. घरात कुणी उठायच्या आधी अण्णा जागे असायचे, आणि मुलगी चहा ठेवून बाहेर आली तेव्हा मासा आडवा तरंगत होता आणि अण्णा त्याच्याकडे बघत होते. किती वेळ बघत होते कोण जाणे. त्यानंतर दोन काळे गेले, मग दुसरा नारिंगी.

तिनं नवऱ्याला सांगितलं की टाकी काढून टाका, त्यांना त्रास होतोय, रोज आरडाओरडा करतात. त्यानं ऐकलं नाही. एवढं एक काम हातातून सुटलं तर तोंड कुठे दाखवू, असं काहीसं म्हणाला आणि रविवारी पुन्हा सगळे खडे धुवायला काढले.

त्याच आठवड्यात केंद्रातल्या केमिस्टबाई अण्णांना भेटायला आल्या. त्या अण्णांपेक्षा दहा वर्षांनी लहान, प्रयोगशाळेत अजून नोकरीत होत्या. झटक्याची बातमी त्यांना उशिरा कळली होती. सोबत आणलेली फळं टेबलावर ठेवून त्या खुर्ची ओढून बसल्या आणि कुणाची बदली झाली, कुणाला मुलगी झाली हे अण्णांना सांगायला लागल्या. अण्णा त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांनी डावा हात उचलला, तळवा खाली केला आणि हवेतच हळूहळू खाली आणून थांबवला. पुन्हा उचलला, पुन्हा तसाच खाली आणला. “बास,” म्हणाले.

मुलगी भांडं आणायला उठली. केमिस्टबाईंनी तिला हातानं थांबवलं. त्या आधी अण्णांच्या हाताकडे आणि मग टाकीकडे बघत होत्या.

“पाणी सारखं बदलताय का तुम्ही?”

मुलीनं हो म्हटलं.

“अगं, ते नको म्हणतायत. पंपाच्या आवाजात आम्हाला एकमेकांचं ऐकू यायचं नाही. हौदावर सगळं खुणांनीच चालायचं. हा हात म्हणजे, शिवू नका, निवळू दे.” मग त्या अण्णांकडे वळल्या. “हेच ना, अण्णा?”

अण्णांनी डाव्या हाताची मूठ वळली आणि घट्ट धरून ठेवली. मूठ म्हणजे बरोबर, केमिस्टबाई म्हणाल्या. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसू दिलं नाही.

बाईंनी तिला समजावून सांगितलं. नवीन टाकीत माशांची घाण पचवणारे जंतू अजून बसलेले नसतात, ते डोळ्यांना दिसतही नाहीत. ते खड्यांवर आणि स्पंजवर धरायला चार-पाच आठवडे लागतात. तोवर पाणी दुधाळ होतं, त्याला घाबरायचं नसतं. तुम्ही दरवेळी सगळं धुऊन त्यांना मोरीत सोडता आणि पहिल्यापासून सुरुवात करता. फिल्टर चालू ठेवा, खाणं अगदी चिमूटभर, आणि दोन दिवसांनी एक तांब्या पाणी बदला, तेही एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं. केंद्रात नवीन वाळू भरली की अण्णा असेच आडवे यायचे. वरून साहेबांचा फोन आला तरी हौदाला हात लावू द्यायचे नाहीत.

मुलगी मान डोलावत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. हा तळवा खाली करणारा हात तिनं आठ महिन्यांत शेकडो वेळा पाहिला होता. तिला वाटायचं, आजारानं हात थरथरतो. दरवेळी ती तो प्रेमानं धरून चादरीखाली घालायची.

संध्याकाळी जावई घरी आला. टाकीचं त्यानं ऐकून घेतलं, थोडा हिरमुसला, बरं म्हणाला. मग हातपाय धुऊन आला, अण्णांच्या मनगटाला पट्टा बांधला आणि दोरी ओढली.

“बास,” अण्णा म्हणाले.

मुलगी मशीनवर होती. तिनं वर पाहिलं. उजवा हात वर गेला होता आणि डावा, तळवा खाली करून, चादरीवर हळूहळू उतरत होता.

“अहो, थांबा,” ती म्हणाली. ती उठून खाटेशी गेली. “अण्णा, दुखतंय?”

अण्णांनी मूठ वळली.

“आज दुखतंय की पहिल्यापासून?”

हे विचारताना तिच्या लक्षात आलं की प्रश्न चुकीचा झाला, याला मुठीनं उत्तर देता येत नाही. तिनं तो नीट केला. “पहिल्यापासून दुखतंय?”

मूठ तशीच राहिली, उलट जास्त आवळली. जावयानं दोरी सोडली नव्हती, सोडली असती तर हात धाडकन खाली आला असता. तो तसाच उभा राहिला. मग दोन्ही हातांनी दोरी इंच इंच सैल करत त्यानं तो हात खाली आणला.

हॉस्पिटलात एक्स-रे काढला, सोनोग्राफी केली. खांदा सांध्यातून खाली घसरला होता, आतले स्नायू फाटले होते. लुळ्या हाताला कप्पीनं ओढायचं कुणी सांगितलं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ओरडून नाही, लिहिता लिहिता, वर न बघता. कुणी नाही, जावई म्हणाला. आता हात झोळीत ठेवायचा, वेदनेच्या गोळ्या द्यायच्या, बाकी काही होण्यासारखं नाही, असं त्या म्हणाल्या. सात महिने, दिवसाला चाळीस वेळा. आकडा दोघांनाही आपापल्या मनात काढता येत होता.

घरी आल्यावर त्यानं कप्पी काढली, हुकही उपटला. छताचा गिलावा पडला तो झाडून घेतला. त्यानंतर तो पुढच्या खोलीत यायचाच बंद झाला. मागच्या दारानं कामावर जायचा, स्वयंपाकघरात जेवायचा, तिथंच झोपायचा. अण्णांची अंघोळ-कपडे करायला त्यानं सकाळचा एक माणूस लावून दिला.

मुलगी आता प्रश्न विचारायला शिकली. आमटीत गूळ घालायचा नाही हे कळलं. रेडिओ नको हे कळलं. खाट खिडकीकडे हवी होती, ती आठ महिन्यांनी तिकडे सरकली. एक प्रश्न तिनं तीन वेगवेगळ्या दिवशी विचारला: “यांच्यावर राग आहे?” तिन्ही वेळा अण्णांचा हात जिथं होता तिथंच पडून राहिला, ना मूठ, ना तळवा.

पाणी पाचव्या आठवड्यात निवळलं. नेमकं कोणत्या दिवशी ते घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन काळ्या मॉलींपैकी एक तोवर मेली होती. उरलेली एकटीच खड्यांवरून फिरत असायची.

दोन महिन्यांनी सकाळच्या माणसाला दुसरीकडे जास्त पैसे मिळाले आणि तो गेला. दुसरा मिळेना. मुलीच्या एकटीच्यानं अण्णा उचलले जात नव्हते. तिसऱ्या दिवशी चादरीला वास यायला लागला तेव्हा जावई आपणहून आत आला. खाटेपासून हातभर अंतरावर उभा राहून म्हणाला, “अण्णा, कुशीवर घेऊ का?”

अण्णा खिडकीकडे बघत होते. बराच वेळ गेला. मग त्यांनी मूठ वळली. चेहरा त्यांनी वळवला नाही.

तेव्हापासून तो प्रत्येक गोष्ट विचारतो. पाठ पुसू का, बाही काढू का, आता उचलू का. विचारतो आणि डाव्या हाताकडे बघत थांबतो. कधी मूठ लगेच येते, कधी येतच नाही, मग तो ओला टॉवेल हातात धरून तसाच उभा राहतो. पूर्वी पंधरा मिनिटांत व्हायचं त्याला आता तास लागतो. कामावर त्याला उशिराचे शेरे मिळतात, मुकादम बोलतो. अण्णांनी अजून एकदाही त्याच्याकडे पाहिलेलं नाही.