टेहळ्याचा परवाना

तोफखान्यातून निवृत्त झालेल्या टेहळ्याने कृत्रिम पाय खुर्चीखाली सरकवला आणि टॅक्सीच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज टेबलावर आपटला.

"तीन चकरा झाल्या, बाई. एका पायाच्या माणसाला किती नाचवाल?"

समोरची अधिकारीबाई चिडली नाही. तिथेच तो बिचकला. चिडणाऱ्या साहेबांना तो अकरा वर्षं पुरून उरला होता. हाताने ब्रेक दाबता येईल अशी बदलून घेतलेली त्याची टॅक्सी दरवर्षी त्यांच्या नाकावर टिच्चून रस्त्यावर यायची. परवाना गेला तर उरलेलं आयुष्य घरात भिंतींशी बोलत काढायचं, या विचाराची त्याला लढाईपेक्षा जास्त धास्ती होती.

"काका, तक्रार आली आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही गाडी चालवायच्या अवस्थेत नाही, अशी." तिने एक फोटो पुढे केला.

फोटोत त्याची टॅक्सी होती. आत तो, स्टिअरिंगवर डोकं टेकून. नसलेला पाय हल्ली रोज सकाळी असा ठणकायचा की डोळ्यांपुढे अंधारी यायची. दहा मिनिटं तसंच बसून मग तो गाडी सुरू करायचा. याचा त्याने कुणाला सुगावा लागू दिला नव्हता.

"खोटं आहे हे. दिलं कोणी?"

"नाव सांगता येत नाही. फोटो खोटा आहे असं लिहून द्या. मग तक्रारदाराला चौकशीला बोलावू, आणि खोटेपणा निघाला तर गुन्हा नोंदवू."

त्याने पेन उचललं. पण वीस वर्षं तोफखान्यात टेहळणी केलेली. आलेला गोळा कुठून सुटला ते आधी शोधायचं, ही खोड काही जाईना. टॅक्सीचा टप दिसतोय, म्हणजे दुसरा मजला. टॅक्सीपलीकडे समोरच्या इमारतीची भिंत, म्हणजे फोटो आपल्याच इमारतीतून. कडेला खिडकीचा वाकलेला गज. तो सरळ करायचं त्याच्याकडून गेलं वर्षभर राहून गेलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी. आणि घरात माणसं दोनच.

"काका?"

"फोटो खरा आहे," तो म्हणाला. पेन त्याने परत टेबलावर ठेवलं.

बाहेर बाकावर बायको पर्स घट्ट धरून बसली होती. सकाळी दोघं टॅक्सीतूनच आली होती. तो जवळ आला तेव्हा काय झालं ते तिने विचारलं नाही.

"साडेबाराची बस आहे," ती म्हणाली. "सावकाश गेलो तरी मिळेल."