रंगीत डब्यांशी खेळणारी बहीण

करसंशोधनाच्या पहिल्या तासाला सरांनी आम्हाला खोक्यातून चिठ्ठ्या उचलायला लावल्या. प्रत्येक चिठ्ठीवर कर लवादाच्या एका जुन्या निवाड्याचा क्रमांक होता. निवाडा शोधायचा, वाचायचा आणि तो आजही टिकेल का, यावर दोन पानी टिपण लिहायचे. माझ्या वाट्याला आलेला निवाडा चोवीस वर्षांपूर्वीचा होता. आपली बहीण मनाने अधू आहे, पूर्णपणे आपल्यावर अवलंबून आहे, असे सांगून एका दुकानदाराने करात सवलत मागितली होती. करखात्याने ती नाकारली होती, लवादाने दिली.

एवढे सगळे निवाड्याच्या डोक्यावर छापलेल्या आठ ओळींच्या सारांशात होते. मी तेवढेच वाचले. वर्गात सगळे तेवढेच वाचत. टिपणात मी लिहिले, ‘वस्तुस्थिती निर्विवाद असून निष्कर्ष माणुसकीला धरून आहे.’ वीसपैकी अठरा गुण मिळाले. सरांनी ते वाक्य वर्गाला वाचून दाखवले आणि पुढच्या मंगळवारी मी हा निवाडा सगळ्यांसमोर मांडावा, असे सांगितले. मांडायचा म्हणजे मुळातून वाचणे आले.

घरी त्या आठवड्यात वेगळाच विषय चालू होता. आमचे चष्म्याचे दुकान आहे. बाबा डोळे तपासतात, आत्या काउंटर सांभाळते. डोळ्यांच्या रुग्णालयात भांडार बघणाऱ्या एक बाई चष्मा घ्यायला आल्या होत्या. आत्याने मान न वळवता मागच्या फळीवरून नेमके भिंग काढून दिले, ते पाहून त्यांनी तिला आपल्या भांडारात नोकरी देऊ केली. शुक्रवारी पाचपर्यंत उत्तर हवे होते. आत्या दोन दिवस गुणगुणत होती. बाबा म्हणाले, तुला झेपणार नाही. का झेपणार नाही, हे त्यांनी सांगितले नाही. रात्रशाळा, शिवणाचा वर्ग, एकदा आलेले स्थळ, सगळ्याला त्यांनी हेच उत्तर दिले होते, आणि तेही मायेने.

त्याच जेवणात त्यांनी माझ्यापुढे एक लिफाफा सरकवला. आत्याचा फॉर्म आहे, पन्नाशीनंतर तपासणी नव्याने होते, गुरुवारी डॉक्टरांकडे जायचे आहे, तू भरून ठेव, शिकतेस ते घराच्या कामी येऊ दे, असे म्हणाले. मी तो न उघडता पिशवीत टाकला.

सोमवारी ग्रंथालयात निवाडा वाचायला घेतला. नावे गाळलेली होती. दुकान चष्म्यांचे होते. बहीण सव्वीस वर्षांची. ती रोज काउंटरवर दिसते, असा करखात्याचा आक्षेप होता. त्यावर लवादाने लिहिले होते: ‘ती तेथे केवळ मन रमावे म्हणून बसते. हिशेब तिच्या आवाक्याबाहेर आहेत. लाल आणि निळ्या डब्या वेगळ्या करून ती दिवसभर त्यांच्याशी खेळत असते.’

लाल डब्यांत मायनस नंबरची भिंगे, निळ्यांत प्लसची. ही पद्धत आत्याने बसवली. शून्याच्या खाली आकडे असतात, हे मी शाळेत जाण्याआधी त्या डब्यांवर शिकले.

मी पिशवीतला लिफाफा उघडला. वर मथळा होता: ‘मानसिक अक्षमतेच्या दाखल्याचे नूतनीकरण’. आधीच्या चार नूतनीकरणांच्या तारखा बाबांच्या सुबक अक्षरात होत्या. मी हात धुवून आले. परत येऊन माझे टिपण काढले. ‘निर्विवाद’ हा शब्द मीच वापरला होता. पुन्हा जाऊन हात धुतले.

मंगळवारी मी निवाडा मांडला. शेवटी सरांना विचारले की मुळातली वस्तुस्थितीच खोटी असेल, तर संशोधकाने काय करायचे.

“संशोधक वस्तुस्थितीच्या मागे जात नाही,” सर म्हणाले. “ती लवादानं ठरवली, विषय संपला. तुम्ही कायदा पाहायचा.” मग चष्मा टायला पुसत त्यांनी सांगितले की निवाडा झकास आहे, त्यांच्या एका पक्षकाराची मेहुणी अशीच आहे, यंदा उपयोगी पडेल. ‘अशीच’ वर वर्ग हसला. कोणाच्या तरी डब्यातल्या तेलाचा वास खोलीभर पसरला होता, आणि मला तो वास हसण्याला येतोय असे वाटले.

बुधवारी दुपारी बाबा बाहेर गेल्यावर मी छापलेली प्रत आत्यापुढे ठेवली.

“काय गं वकिलीणबाई, नोटीस का?” म्हणत तिने जवळचा चष्मा लावला. ती सावकाश वाचत गेली. डब्यांच्या ओळीवर तिचे बोट थांबले.

“लाल मायनस, निळा प्लस,” ती म्हणाली. “यात खेळ कुठाय?”

मग तिने सांगितले. तेव्हा दुकान नवे होते, डबघाईला आले होते. दादा म्हणाला, एकदाच डॉक्टरांकडे चल, ते शंभरातून सात सात कमी करायला सांगतील, तेव्हा मुद्दाम चूक कर. दुकान वाचेल. तिला वाटले, एका दिवसाचे काम आहे. पुढे दर पाच वर्षांनी दादा कसल्या तरी कागदावर सही घ्यायचा. तब्येतीच्या तपासणीचा कागद म्हणायचा.

“मी ब्याण्णव म्हटलं. पण पुढं काय चुकायचं ते सुचेना. चुकीचं सांगायचं तर आधी बरोबर काढावं लागायचं ना. मग गप्प बसले. डॉक्टरांनी दादाच्या पाठीवर हात ठेवला.” तिने चष्मा काढला. “म्हणून रात्रशाळा झेपणार नव्हती होय.”

बाबा आले तेव्हा प्रत काउंटरवरच होती. त्यांनी एका नजरेत ओळखली. ते चिडले असते तर बरे झाले असते. ते भिंग पुसत राहिले.

“कागदावरची गोष्ट आहे ती,” ते म्हणाले. “तिला काय कमी केलं मी? आणि तुझी फी कुठून गेली, हे पण काढ की शोधून. शिकतेस ना?”

त्या रात्री त्यांनी वाढलेले ताट मी तसेच ठेवून उठले. आत्या मात्र नीट जेवली.

गुरुवारी आम्ही तिघे डॉक्टरांकडे गेलो. फॉर्म मी कोराच परत दिला होता, तो बाबांनी स्वतः भरला. डॉक्टर तरुण होते, बाहेर रांग होती. त्यांनी आत्याला नाव विचारले, ते बाबांनी सांगितले. वय विचारले, तेही बाबांनीच. मग फॉर्मकडे बघत डॉक्टर म्हणाले, शंभरातून सात सात कमी करत जा.

“त्र्याण्णव,” आत्या म्हणाली. “शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट.”

डॉक्टरांनी वर पाहिले आणि बास म्हणाले. आत्या थांबली नाही. अठ्ठावन्न, एक्कावन्न, चव्वेचाळीस, सदतीस, तीस, तेवीस, सोळा, नऊ, दोन.

बाबा हसले. गिऱ्हाइकाशी हसतात तसे. “आज बरी आहे,” ते डॉक्टरांना म्हणाले. “अधूनमधून होतं असं.”

चोवीस वर्षांचे सगळे त्या एका वाक्यात होते, आणि ते म्हणताना त्यांचा हात आत्याच्या खांद्यावर होता.

डॉक्टरांचे पेन हवेतच राहिले. आत्याने खांदा काढून घेतला.

“पुढं मायनस लागतं, डॉक्टर,” ती म्हणाली. “जाऊ?”

“जा,” डॉक्टर म्हणाले.

“मायनस पाच. मायनस बारा. मायनस एकोणीस.”

डॉक्टरांनी फॉर्मवर आडवी रेघ मारली.

जिना उतरताना आत्याने मला विचारले की रुग्णालयाचे भांडार इथून चालत किती लांब आहे, उद्यापर्यंत कशाला थांबायचे. मागे डॉक्टरांचे दार उघडेच होते. आत बाबा खालच्या आवाजात डॉक्टरांना विचारत होते की त्यांच्या ओळखीचे दुसरे कोणी, जरा वयस्कर, डॉक्टर आहेत का.