लांब पंखांचे तुडतुडे

दैवशाला परभणीला विद्यापीठाच्या प्लॉटवर बारा वर्षं रोजंदारीनं होती. काम एकच, ज्वारीच्या पोंग्यातले, शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतले तुडतुडे मोजायचे. शाळा चौथीत सुटलेली, पण नजर अशी की किडा भिंगाखाली धरायच्या आधीच ती सांगायची, हा आखूड पंखांचा, हा लांब पंखांचा. आखूड पंखांची मादी जागची हलत नाही. टम्म पोटानं पानाच्या शिरेत अंडी घालत बसते. लांब पंखांची सडपातळ. तिचं बळ पंखांत जातं, पोट रिकामं राहतं. कुठंतरी हिरव्या रानात उतरली, की मग तिच्या पोटात अंडी धरतात. विद्यापीठातल्या सरांनी एकदा सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं.

शहाऐंशी साली दिवाळी झाली आणि प्लॉटवरची ज्वारी वाळायला लागली. एका सकाळी तिनं शंभर किडे मोजले. आखूड पंखांचे सहाच निघाले. तिनं पुन्हा मोजले. तेवढेच.

तिसऱ्या दिवशी प्लॉटवरचे लांब पंखांचे सगळे उडून गेले होते. वारं पोखर्णीच्या अंगाला वाहत होतं, आणि पोखर्णीला तिच्या धाकट्या भावाची, सूर्यभानची, उशिरा पेरलेली तीन एकर ज्वारी कमरेएवढी उभी होती.

नामांतराच्या बंदमुळं दोन दिवस एसटी निघाली नाही. ती पोचली तेव्हा सूर्यभान शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच होता.

"अक्का? अशी अचानक?"

तिनं पिशवी धुऱ्यावर ठेवली. सरळ ज्वारीच्या तासात, ओळीत शिरली आणि पोंगे उलगडून बघू लागली. ज्वारीच्या दहा ताटांत चार किडे. चारही सडपातळ, लांब पंखांचे. एक तळहातावर घेऊन तिनं नखानं फोडला. पोटात बारीक पांढरे दाणे धरायला लागले होते.

"ह्या अंगाची दहा तासं आजच काप. जनावरांना घाल."

सूर्यभान हसला. "चार किड्यांपायी उभी ज्वारी कापू? गाव काय म्हणंल?"

"आज चार हायेत. ह्यांची पिल्लं आखूड पंखांची निघतील. ती कुठं जाणार न्हाईत सूर्यभान, इथंच पोसतील अन् इथंच वाढतील. आज कापलं तर दहा तासं जातील, न्हाई तर सगळं."

भावजय सरजाबाई भाकरी घेऊन आली होती. सातवा महिना. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "अवो, वन्सं म्हणायल्यात तर ऐका की."

"तुझ्यापायी औंदा ऊसतोडीला गेलो न्हाई," सूर्यभान एकदम तिच्यावर उखडला. "आता ही ज्वारी बी कापून टाकू?"

सरजाबाईनं भाकरीचं गाठोडं त्याच्यापुढं ठेवलं. दैवशाला संध्याकाळच्या गाडीनं माघारी गेली. गाडीत ती सारखी हात पदराला पुसत होती.

तीन आठवड्यांनी सूर्यभाननं निरोप धाडला. ती धुऱ्यावर पोचली आणि तिथंच थांबली. सगळं रान किड्यांनी सोडलेल्या चिकट्यानं चमकत होतं. मुंग्यांच्या ओळी लागल्या होत्या. खालची पानं काळी पडली होती, आणि कणसं पोटरीत, पानाच्या वेढ्यातच अडकून वाकडी झाली होती. तिनं एक पोंगा उलगडला तर आतलं सगळं हललं. फुगलेली पोटं, आखूड पंख, एकावर एक.

"औषध मारलं दोनदा," सूर्यभान म्हणाला. "वरचे मरतेत. आतून नवे येतेत." त्यानं फवाऱ्याचा पंप धुऱ्यावर टेकवला. मग म्हणाला, "मी ऊसतोडीच्या मुकादमाकडं जायलोय. सरजाला तुझ्याकडं ठेवून घेतीस का?"

"घेते."

तीन एकरांत पायलीभरही दाणा निघाला नाही. कडब्याला तोंड लावून बैलांनी मान फिरवली. सूर्यभान त्याच आठवड्यात टोळीबरोबर ट्रकमध्ये चढला. सरजाबाईकडं त्यानं वळून पाहिलं नाही.

तिला न्यायला दैवशाला आली, तेव्हा पलीकडच्या रानातून रंगनाथनं हाक मारली. त्याची ज्वारी हिरवीगार होती. "बाई, जरा आमच्यातबी बघा की."

तिनं धुऱ्याकडची पाच ताटं पाहिली. पाचव्यात एक होता. सडपातळ, पंख अंगाहून लांब.

"एकच तर हाय," रंगनाथ म्हणाला.

"एकच हाय," दैवशाला म्हणाली. "अंडी घालायच्या आत कापा, तीन दिवस हायेत तुमच्या हातात."

रंगनाथ तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग सूर्यभानच्या काळ्या रानाकडं. आणि विळ्यासाठी बायकोला हाका मारत घराकडं पळत सुटला.